सोयाबीनची बीजप्रक्रिया: उगवण चाचणीपासून मुळांवरच्या गाठींपर्यंत

2019 च्या ऑक्टोबरमध्ये काढणीला आलेले सोयाबीन परतीच्या पावसात शेतातच भिजले. तेच पुढच्या वर्षी बियाणे म्हणून पेरले गेले आणि 2020 च्या खरिपात मराठवाडा-विदर्भातून उगवणच झाली नसल्याच्या तक्रारींचा ढीग लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. दोन-चार एकरवाल्या कोरडवाहू शेतकऱ्यावर दुबार पेरणीची वेळ आली की बियाणे, मजुरी आणि पेरणीचे ते मोलाचे आठ-दहा दिवस सगळेच हातचे जाते.

पेरणीआधी बियाण्याला औषध आणि उपयोगी जिवाणू लावणे म्हणजे बीजप्रक्रिया. तिचा विचार मी इथूनच सुरू करतो, कारण बहुतेक जण तो औषधाचे पाकीट फोडण्यापासून सुरू करतात. औषध बियाण्याचे रक्षण करते, मेलेल्या कोंबात जीव घालत नाही. आणि जिवंत बियाण्यावरही प्रक्रिया फसते ती बहुधा औषधामुळे नाही, तर जास्त पाण्यामुळे, हाताच्या रगडण्यामुळे आणि चुकीच्या क्रमामुळे. सोयाबीनमध्ये तर हे फारच खरे आहे.

दाणा असा नाजूक का?

सोयाबीनचा एक दाणा तळहातावर घेऊन डोळ्याजवळ धरा. काळपट डोळ्याच्या एका टोकाला सालीखाली बारीक उंचवटा दिसेल. तो कोंब, म्हणजे उद्याचे मूळ. त्याच्यावर पातळ सालीखेरीज कसलेच कवच नाही. हरभऱ्यात किंवा तुरीत साल जाड असते, सोयाबीनमध्ये ती नखाने सहज सुटते. मळणी यंत्राचे फेरे जास्त असले, पोते उंचावरून आपटले, कोरडा ठणठणीत दाणा जोरात घासला, की इजा थेट कोंबाला होते. दाणा वरून छान पिवळाधमक दिसतो आणि जमिनीत जाऊन कुजतो.

म्हणून घरचे बियाणे ठेवायचे असेल तर काळजी मळणीपासूनच घ्यावी लागते. यंत्राचे फेरे मिनिटाला 350 ते 400 च्या पुढे जाऊ देऊ नका. दाण्यात 13 ते 15 टक्के ओलावा असताना मळणी करा आणि साठवताना तो 10 ते 12 टक्क्यांवर आणा. पोती लाकडी फळ्यांवर ठेवा, चार-पाचांपेक्षा जास्त थर नको, आणि हमालाला पोते आपटू नकोस असे स्पष्ट सांगा. सोयाबीन स्वपरागसिंचित आहे, त्यामुळे प्रमाणित बियाण्यापासून घेतलेले घरचे बी दोन-तीन हंगाम बिनधास्त वापरता येते. दरवर्षी नवी पिशवी विकत घ्यायची गरज नाही.

मे महिन्यात करायची उगवण चाचणी

पेरणीच्या आधी किमान तीन आठवडे ही चाचणी उरकून घ्या, म्हणजे बी कमी पडले तर दुसरे शोधायला वेळ राहतो. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ काढून एकत्र करा. त्यातले न निवडता शंभर दाणे मोजा. चांगले चांगले वेचून घेतले तर चाचणीला अर्थ उरत नाही. गोणपाटाचा तुकडा धुऊन ओला करा, पिळून घ्या, त्यावर दहा-दहाच्या ओळीत दोन-दोन सेंटीमीटरवर दाणे मांडा, वरून दुसरा ओला तुकडा टाका आणि गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा, पण गुंडाळीतून पाणी ठिबकत असेल तर ते जास्त झाले. असे तीन संच लावा. सहाव्या-सातव्या दिवशी उघडून फक्त धडधाकट कोंब मोजा. वाकडा, तुटका, बुंध्याला तपकिरी झालेला कोंब उगवलेल्यात धरू नका.

तिन्ही संचांची सरासरी 70 किंवा त्याहून जास्त आली तर एकरी 30 किलो बियाणे पुरते. 60 ते 69 आली तर कमी पडणाऱ्या प्रत्येक टक्क्यामागे एकरी अर्धा किलो वाढवा, म्हणजे 65 टक्क्यांना साडेबत्तीस किलो. साठच्या खाली असेल तर ते बी पेरू नका, बाजारात घाला.

इथे आणखी एक गोष्ट करून पाहा. तीन संचांच्या जोडीला चौथा संच बुरशीनाशक लावलेल्या दाण्यांचा ठेवा. समजा, साध्या संचांत 62 आणि लावलेल्या संचात 72 आले, आणि साध्या दाण्यांवर पांढरट-काळपट बुरशीची लव दिसली, तर तुमच्या बियाण्याचा आजार बुरशी आहे आणि औषधाचा पैसा वसूल होणार आहे. दोन्हीकडे 62 च आले तर मार मळणीचा किंवा भिजण्याचा आहे. त्यावर कुठल्याही कंपनीचे औषध चालत नाही, बी वाढवा नाहीतर बदला. एवढ्या साध्या तुलनेतून दुकानदाराच्या काउंटरसमोर उभे राहून काय मागायचे ते आपल्याला आधीच कळलेले असते.

सालीची परीक्षा तर पाच मिनिटांची. शंभर दाणे वाटीत पाण्यात टाका. पाच मिनिटांत जे सुरकुततात किंवा फुगतात त्यांची साल फुटलेली आहे. असे दाणे दहापेक्षा जास्त निघाले तर ते पोते पुढे फार हळुवार हाताळायचे.

विकतची पिशवी असेल तर

आधी टॅग वाचा. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा, पायाभूतचा पांढरा. बियाण्याला आधीच लाल-गुलाबी किंवा निळा रंग असेल तर त्याला प्रक्रिया झालेली आहे, आणि कोणते औषध लावले ते पिशवीवर छापलेले असते. बहुतेकदा ते फक्त बुरशीनाशक असते. तेच पुन्हा लावू नका. कीटकनाशक लावलेले नसेल तर तेवढे लावा, आणि जिवाणू संवर्धक (मुळांवर नत्राच्या गाठी आणणाऱ्या जिवाणूंचे पाकीट किंवा बाटली) तर लावाच, कारण ते बियाण्याला बहुधा आधी लावलेले नसते. पिशवी टॅगच्या विरुद्ध बाजूने फोडा, टॅग, पिशवी, पावती आणि मूठभर बी जपून ठेवा. उगवणीची तक्रार तालुका समितीकडे न्यायची वेळ आली तर हेच पुरावे लागतात.

कशासाठी काय लावायचे

सुरुवातीच्या तीन-चार आठवड्यांत सोयाबीनचे दोन मुख्य शत्रू. पहिला बुरशी: जमिनीत दाणा कुजवणारी, रोपाचा बुंधा पोखरणारी, मूळकुज आणि कॉलर रॉट (जमिनीलगतची बुंध्याची कुज) आणणारी. दुसरी खोडमाशी. ही इवलीशी काळी माशी कोवळ्या पानावर अंडी घालते, अळी शिरेतून देठात आणि देठातून खोडात उतरते. वरून रोप हिरवेच दिसते, म्हणून शेतकऱ्याला पत्ता लागत नाही. खोड उभे चिरले की आत लालसर नागमोडी बोगदा दिसतो. खोडातल्या या अळीपर्यंत फवारणी नीट पोहोचत नाही, बियाण्यातून रोपात भिनणारे औषध पोहोचते. त्याच औषधाने पांढरी माशीही सुरुवातीला आटोक्यात राहते आणि तिच्यामार्फत पसरणारा पिवळा मोझॅक हा विषाणूरोग लांबतो.

बुरशीसाठी कार्बोक्झिन 37.5 टक्के अधिक थायरम 37.5 टक्के हे मिश्र बुरशीनाशक किलोला 3 ग्रॅम, म्हणजे 30 किलोला 90 ग्रॅम. खोडमाशीसाठी थायामेथोक्झाम 30 एफएस (एफएस म्हणजे बियाण्याला लावायचे द्रवरूप औषध) किलोला 10 मिली, म्हणजे 30 किलोला 300 मिली. किंवा इमिडाक्लोप्रिड 48 एफएस किलोला 1.25 मिली, म्हणजे 30 किलोला साधारण 38 मिली. दोघांपैकी एकच. अॅझोक्सिस्ट्रॉबिन, थायोफिनेट मिथाईल आणि थायामेथोक्झाम एकत्र असलेले तयार मिश्रणही मिळते, त्याचे प्रमाण किलोला 10 मिली. ते घेतले तर बुरशीनाशक आणि कीटकनाशक वेगळे लावायचे नाही. बाटलीच्या लेबलवर सोयाबीनचे नाव आणि बीजप्रक्रियेचा उल्लेख आहे ना, हे पाहूनच पैसे द्या. फवारणीचे औषध बियाण्याला चोळायचे नसते.

रासायनिक बुरशीनाशक नको असेल तर ट्रायकोडर्मा किलोला 8 ते 10 ग्रॅम लावा. तो स्वतःच एक जिवंत बुरशी आहे, म्हणून रासायनिक बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकाच दाण्यावर लावले तर ट्रायकोडर्माचे पैसे वाया जाऊ शकतात. माझे मत विचाराल तर ज्या रानात मागच्या वर्षी मर किंवा मूळकुज होती, किंवा वरच्या तुलनेत बियाण्यात बुरशी दिसली, तिथे रासायनिक घ्या. निचऱ्याच्या, फेरपालट असलेल्या जमिनीत आणि निरोगी बियाण्याला ट्रायकोडर्मा पुरतो.

क्रम: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू

हा क्रम उलटा केला तर जिवाणू औषधाखाली दबून मरतात. पहिली दोन औषधे पेरणीच्या एक-दोन दिवस आधी लावून बी सावलीत सुकवून ठेवता येते. जिवाणू मात्र पेरणीच्याच दिवशी.

पाण्याचा हिशेब इथे सर्वांत महत्त्वाचा. किलोभर बियाण्याला एका वेळी 10-12 मिलीपेक्षा जास्त द्रव लागता कामा नये. थायामेथोक्झामचे प्रमाणच किलोला 10 मिली आहे, त्यामुळे त्यात वेगळे पाणी जवळजवळ घालायचेच नाही. बुरशीनाशकाची भुकटी त्याच द्रवात कालवून दाटसर रबडी करा आणि ती एकदमच लावा. इमिडाक्लोप्रिड घेतले तर ते 38 मिली आणि 90 ग्रॅम भुकटी मिळून दीडशे ते दोनशे मिली पाण्यात कालवा, 30 किलोला तेवढे पुरे होते. गूळपाणी वापरायची सवय अनेकांना आहे. हरभऱ्याला ते चालते, सोयाबीनची साल त्याने फुगते आणि हाताला चिकटून सुटते. मी सोयाबीनला गूळपाणी टाळायला सांगतो.

बीजप्रक्रियेचा हाताने फिरवायचा ड्रम गटात किंवा कृषी सहायकाकडे मिळतो का बघा. ड्रम निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. थोडी थोडी रबडी टाकत अगदी सावकाश वीस-पंचवीस फेरे द्या. ड्रम नसेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत पाच-पाच किलो बी घ्या, त्या वाट्याची रबडी टाका, पिशवीत हवा राहील असे तोंड धरा आणि दोघांनी दोन टोके धरून झुलवा. तेही नसेल तर ताडपत्रीवर बी पसरून दोन्ही बाजूंनी ताडपत्री उचलून उलटपालट करा. घमेल्यात दोन्ही हातांनी रगडून कालवण्याची पद्धत सोडून द्या. सोयाबीनच्या निम्म्या साली तिथेच निघतात.

सगळ्या दाण्यांवर एकसारखा रंग आला आणि ताडपत्रीवर साली पडलेल्या दिसत नाहीत, म्हणजे काम नीट झाले. ताडपत्रीवर साली जमल्या असतील तर पाणी किंवा हात जास्त झाला, पुढच्या पिशवीला ते कमी करा. बी सावलीत एका थरात अर्धा-पाऊण तास पसरा. उन्हात कधीच नाही. औषध लावलेले बी पातळ थरात नीट सुकल्याशिवाय पोत्यात भरले तर ते आतल्या आत तापते.

जिवाणू संवर्धक

सोयाबीनच्या मुळांवर गाठी आणणारा जिवाणू ब्रॅडीरायझोबियम जापोनिकम. तूर, हरभरा किंवा भुईमुगासाठीचे पाकीट सोयाबीनला चालत नाही, पिकाप्रमाणे जिवाणू वेगळे. पाकिटावर सोयाबीन लिहिलेले असले पाहिजे आणि अंतिम तारीख पुढे असली पाहिजे. पत्र्याच्या दुकानात शोकेसमध्ये उन्हात तापलेली बाटली तारखेत असली तरी घेऊ नका. परभणी, राहुरी आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांत ही संवर्धके मिळतात, आणि जमत असेल तर गावातल्या चार-पाच जणांनी मिळून तिथूनच आणावीत.

द्रवरूप असेल तर 10 किलोला 100 मिली, भुकटी असेल तर 10 किलोला 250 ग्रॅम. स्फुरद विरघळवणारे पीएसबीही तेवढेच आणि त्याच वेळी. सोयाबीनला मी द्रवरूपच सुचवतो, कारण भुकटी चिकटवायला पाणी लागते. दोन्ही द्रव मिळूनही किलोला 20 मिली होतात, म्हणून एक लावून बी थोडे सुकू द्या आणि मग दुसरे लावा. औषध लावलेल्या बियाण्याला संवर्धकाचे प्रमाण दीडपट ते दुप्पट धरावे, कारण काही जिवाणू औषधाने मरतातच. तेवढा द्रव दाण्याला सोसणार नाही असे वाटले तर वाढीव हिस्सा बियाण्याला न लावता 50 किलो चांगल्या कुजलेल्या, किंचित ओलसर शेणखतात मिसळून सरीत टाका. ही वाट मला जास्त खात्रीची वाटते, विशेषतः जिथे पहिल्यांदाच सोयाबीन घेतले जात आहे.

संवर्धक लावलेले बी सकाळी किंवा ढगाळ वेळी आणि तीन-चार तासांत पेरून संपवा. बांधावर ठेवलेले पोते ओल्या गोणपाटाने झाका. युरिया किंवा मिश्रखत आणि जिवाणू लावलेले बी एकाच चाड्यात घालू नका.

पेरणी आणि हात

75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि वाफसा आल्याशिवाय पेरू नका. चुकार पावसावर पेरलेले बी फुगते, मग ओल तुटते आणि औषध असूनही ते मरते. खोली 3 ते 5 सेंटीमीटर. प्रक्रिया केलेले बी पेरणी यंत्रातून थोडे हळू उतरते, म्हणून वीस-तीस मीटर यंत्र चालवून किती पडले ते एकदा पाहून घ्या.

टोकण करणाऱ्या बायका बी पदराच्या ओटीत घेतात. औषध लावलेले बी तासन्तास पोटाशी, घामाने ओल्या लुगड्याला घासत राहते, आणि त्याच हाताने दुपारची भाकरी खाल्ली जाते. हे थांबवायलाच हवे. प्रत्येकीला छोटी बादली आणि रबरी हातमोजे द्या, बांधावर साबण आणि पाणी ठेवा. खर्च अगदी किरकोळ आहे आणि मालकाने तो टाळू नये. मिसळणाऱ्याने तोंडाला फडके बांधावे, त्या वेळात तंबाखू, विडी नको. घमेले, तांब्या घरातले वापरू नका. उरलेले रंगीत बी कोंबड्यांना, जनावरांना घालू नका, तेलघाणीकडे किंवा आडतीवर तर मुळीच नेऊ नका. धुण्याचे पाणी विहीर-ओढ्यापासून लांब ओता, रिकाम्या बाटल्या भोके पाडून बाजूला ठेवा.

घेवडा आणि राजमा घेणाऱ्यांसाठी

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातल्या वाघ्या घेवड्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तिथल्या शेतकऱ्याला वरचे सारे जसेच्या तसे लागू नाही. घेवड्याचा रायझोबियम वेगळा, सोयाबीनचा त्याला चालत नाही. शिवाय राजमा वर्गाच्या मुळांवर गाठी कमीच येतात, म्हणून जिवाणू लावले तरी नत्र हात आखडून देऊ नका. घेवड्याचा करपा आणि विषाणू बियाण्यातून येतात. करप्यावर बुरशीनाशकाचा थोडा उपयोग होतो, विषाणूवर काहीच नाही. म्हणून शेंगांवर खोलगट काळे डाग असलेल्या किंवा पाने चट्टेरी झालेल्या झाडांचे बी ठेवूच नका. हीच त्याची मुख्य बीजप्रक्रिया.

काम झाले का ते तपासणे

पेरताना दोन ओळी बीजप्रक्रियेविना सोडा आणि खुंटी ठोकून खूण करा. शेजाऱ्याच्या शेताशी तुलना करून काही कळत नाही, कारण जमीन, वाण, तारीख सगळे वेगळे असते.

दहाव्या-बाराव्या दिवशी दोन्हीकडे पाच-पाच ठिकाणी एक मीटर ओळीतली रोपे मोजा. 45 सेंटीमीटरच्या ओळीत एकरी 30 किलो टाकल्यास मध्यम दाण्याच्या वाणाचे मीटरला सत्तावीस-अठ्ठावीस दाणे पडतात, म्हणजे 70 टक्क्यांनी एकोणीस-वीस रोपे दिसायला हवीत. फुले संगमसारख्या टपोऱ्या वाणात दाणे कमी बसतात, त्यामुळे आकडा थोडा खाली येईल.

पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास दोन्हीकडची दहा-दहा रोपे उपटून खोड ब्लेडने उभे चिरा आणि लालसर बोगदे मोजा. कीटकनाशकाचा जोर साधारण याच दिवसांपर्यंत असतो, पुढे चक्रीभुंगा आणि पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी वेगळी पाहणी करावी लागते. बीजप्रक्रिया केली म्हणून शेतात फिरणे बंद करू नका.

पस्तीस ते चाळीस दिवसांनी, फुलोऱ्याच्या तोंडावर, ओल असताना कुदळीने मुळासकट रोप काढा. ओढून काढले तर गाठी मातीतच तुटून राहतात. मुख्य मुळाभोवतीच्या गाठी नखाने फोडून पाहा. आतून गुलाबी-लाल असतील तर त्या हवेतला नत्र पिकासाठी बांधत आहेत. पांढऱ्या किंवा हिरवट-राखाडी असतील, किंवा गाठीच मोजक्या असतील, तर संवर्धक मेलेले होते, उन्हात तापले होते किंवा औषधाखाली दबले. दोन सोडलेल्या ओळींत आणि बाकीच्या शेतात गाठींचा फरकच नसेल, आणि दोन्हीकडे त्या भरपूर लालबुंद असतील, तर वर्षानुवर्षे सोयाबीन घेतलेल्या त्या जमिनीत जिवाणू आधीच भरपूर आहेत. अशा रानात पुढच्या वर्षी संवर्धकावर जास्त खर्च न करता तो पैसा खोडमाशीच्या औषधाकडे वळवता येतो.

तीनही वेळचे आकडे बियाण्याच्या पावतीमागे लिहून ठेवा, आणि ज्या पट्ट्यात रोपे दाट आणि खोडे निरोगी निघाली तो पट्टा बियाण्यासाठी राखून सगळ्यात आधी, पाऊस उघडताच, वेगळा काढा.